उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय

करंटची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझं सीटकव्हरचं दुकान तिच्या गाळ्याला भिंत लावून आहे. तिने गाळा घेतला त्याच आठवड्यात ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात मला माझ्या मीटरची पिप ऐकू येत नाही." मी म्हटलं, "मग कान तपासून घ्या." ती म्हणाली, "कानाचं मी बघते, तुम्ही मशीनला तेल घाला." घातलं. आवाज निम्म्याने कमी झाला, पण हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

करंट हे अर्थात तिचं नाव नव्हे. ती गाड्यांचं वायरिंग करते, आणि तिच्याशी बोलायला गेलं की झटका बसतो, म्हणून आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक लोकांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव. तिला ते माहीत आहे. वय असेल पंचेचाळीस-सेहेचाळीस. वडिलांचं हेच काम होतं, त्यांच्याच हाताखाली शिकली. गिऱ्हाईकाशी गोड बोलणं मात्र वडिलांनी शिकवलं नसावं. एकदा एक गृहस्थ गाळ्यात डोकावून म्हणाले, "मॅडम, कोणी माणूस नाही का?" ती म्हणाली, "आहे ना, शेजारी. तो सीटा शिवतो. बॅटरी शिवून घ्यायची आहे का?" ते गृहस्थ गाडी तिथेच लावून गेले, कारण बाकी सगळ्यांनी हात टेकले की गाडी शेवटी तिच्याकडेच यायची.

दहा वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला होता. त्याबद्दल ती बोलायची नाही. तिला एक सख्खी धाकटी बहीण आहे आणि ती याच शहरात राहते, हे मला शेजार होऊन सात वर्षं झाल्यावर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

गेल्या वर्षी एका सकाळी दोन मेकॅनिक एक जुनी पांढरी गाडी ढकलत तिच्या गाळ्यासमोर घेऊन आले. मागून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई ताठ मानेने चालत होत्या. करंट वायपरची मोटर उघडून बसली होती. तिने आधी गाडीचा नंबर पाहिला, मग बाईंकडे, आणि मोटर खाली ठेवली.

"ही गाडी इथे नको," ती म्हणाली.

"मलाही हौस नाही," बाई म्हणाल्या. "तीन गॅरेजं झाली. बॅटरी दोनदा बदलली, अल्टरनेटर बदलला. शुक्रवारी संध्याकाळी उभी केली की सोमवारी सकाळी मेलेली. आता जो तो तुझ्याच गाळ्याचा पत्ता देतो."

ही तिची नणंद. म्हणजे पूर्वीची. घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देणं हा त्यांचा व्यवसाय. आणि ती गाडी, मला नंतर कळलं, आधी करंटच्याच घरातली. पाच वर्षं तिनेच चालवलेली. घटस्फोटानंतर नवऱ्याने ती बहिणीला देऊन टाकली.

"ज्याची गाडी होती त्याला विचारा," करंट म्हणाली.

"काल माझी एक पेशंट दोन तास खुर्चीत अडकून राहिली. अर्धांगवायू झालाय. तिला धरून उठवायला माझ्याशिवाय कोणी नसतं. मी माझ्या दारात किल्ली फिरवत बसले होते आणि ती तिच्या घरी वाट बघत होती." नणंदेने हे तक्रारीसारखं सांगितलं, जणू गाडी करंटनेच बिघडवली होती.

करंटने चिंधीने हात पुसले. "त्या बाईंसाठी बघते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही." मग भिंतीवर थाप मारून मला हाक मारली, "शेजारी, सुई ठेवा खाली. इथे येऊन बसा."

मी गेलो. म्हटलं, "माझं काय काम?"

"या बाईंनी एकदा कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, 'मी हिला पाहिलं' म्हणून. आज त्या इथे काय बघतात, ते बघायला कुणीतरी पाहिजे."

नणंदेचा चेहरा लाल झाला. पण त्या बसल्या. दुसरा गाळा उरला नव्हता.

करंटने उतरलेली बॅटरी बाहेर काढली आणि तिच्याकडची पूर्ण भरलेली बॅटरी जागेवर ठेवली. काळी वायर जोडायच्या ऐवजी मध्ये मीटर घातला, म्हणजे गाडी जेवढी वीज ओढेल तेवढी सगळी मीटरमधून जाईल. बॉनेटच्या आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कडीत स्क्रूड्रायव्हर दाबून दोन्ही कड्या बसवल्या. दोन्ही उघडीच होती, पण गाडीला वाटावं की सगळं बंद आहे. मग कुलूप लावलं आणि किल्ली नेऊन माझ्या दुकानात टांगली.

"आता अर्धा तास कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कुलूप लावलं म्हणून गाडी लगेच झोपत नाही. आतलं एकेक बंद होत जातं. सगळं झोपलं की मग कळेल, कोण जागं आहे."

मीटरवर दोन अँपिअर दिसत होते. आम्ही तिघं बसलो. मी रिकाम्या खोक्यावर, नणंद गाळ्यातल्या एकुलत्या एका खुर्चीवर, आणि करंट जमिनीवर, टायरला टेकून.

दहा मिनिटांनी नणंद म्हणाल्या, "त्याचं दुसरं लग्न झालं. तू विचारलं नाहीस, पण सांगते."

"मी गाडीचं विचारलं होतं."

"बरं चाललंय त्यांचं."

"गाडीला सांगा. तिला बरं वाटेल."

आकडा हळूहळू उतरत होता. एकावर आला, त्याच्या खाली गेला. तेवढ्यात गाडीच्या मागच्या सीटवर पर्समध्ये फोन वाजायला लागला. नणंद उठल्या, उघड्या दारातून हात घालून मागचं दार आतून उघडलं आणि पर्स ओढली. आतला दिवा लागला, कुठेतरी खट्ट झालं, आणि मीटरचा आकडा चारावर उडाला.

"झालं," करंट म्हणाली. "पुन्हा अर्धा तास."

"पेशंटचा फोन असला तर?"

"होता का?"

नणंदेने फोन पाहिला. नव्हता. "तू मुद्दाम करतेयस हे. मला इथे बसवून ठेवायला."

"मला तुम्ही पाच मिनिटंसुद्धा नको आहात. दार लावा."

दुसऱ्या अर्ध्या तासात मी चूक केली. शांतता खायला उठली होती, म्हणून विचारलं, "कोर्टात काय पाहिलं म्हणून सांगितलं होतं?"

मला वाटलं दोघी माझ्यावर उखडतील. पण करंट नणंदेकडे बघत म्हणाली, "सांगा ना. पाठ असेल तुम्हाला."

नणंद सरळ समोर बघत म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी सव्वादोन ते पाच. पाण्याच्या टाकीमागचं गॅरेज. घरी सांगायची, बहिणीकडे जाते. मी पाहिलं, ते सांगितलं."

"गॅरेजमध्ये मी काय करत होते, ते नाही सांगितलंत."

"ते मी कशाला बघू?"

करंट माझ्याकडे वळली. "वायरिंग करत होते, शेजारी. लग्नानंतर नवऱ्याने काम बंद करायला लावलं. म्हणाला, ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या सुपरवायझरच्या बायकोचे हात काळे दिसता कामा नयेत. दोन वर्षं घरात बसले. मग वडिलांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याने जागा दिली, तर आठवड्यातून दोन दुपारी जायला लागले. तो म्हातारा सत्तर वर्षांचा होता. कोर्टात त्याच्याबरोबर माझं नाव जोडलं. त्याने पुढे गॅरेजच विकून टाकलं."

"बाईमाणसाने लपून जावं असं काही असेल तर लोक बोलणारच," नणंद म्हणाल्या.

"लोक कसे बोलणार? लोकांना माहीतच नव्हतं. एकीलाच माहीत होतं. माझ्या बहिणीला. तिच्याकडे जाते असं मी घरी सांगत होते, म्हणून तिला सांगून ठेवणं भाग होतं. तिने तुमच्या भावाला सांगितलं, त्याने तुम्हाला सांगितलं. एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं."

नणंद काही बोलल्या नाहीत. हो नाही, की नाही नाही. मला तेव्हा ते फारसं खटकलं नाही. त्या आपल्या पर्सचा बंद नीट करत बसल्या होत्या.

अर्धा तास झाला. आकडा शून्य पूर्णांक एक्केचाळीसवर येऊन थांबला. दहा मिनिटं थांबलो तरी हलेना.

"पॉइंट शून्य तीनच्या आसपास पाहिजे," करंट म्हणाली. "म्हणजे कोणीतरी आत बसून खातंय. तुमच्या तिन्ही गॅरेजवाल्यांनी खाणाऱ्याला शोधलं नाही, नुसतं पुन्हा वाढलं."

स्टिअरिंगखाली फ्यूजचा डबा असतो. ती दारात गुडघे टेकून बसली आणि एकेक फ्यूज चिमट्याने काढायला लागली. एक काढायचा, मी बाहेरून मीटर वाचायचा, परत बसवायचा. एक्केचाळीस. एक्केचाळीस. एक्केचाळीस. अकराव्या फ्यूजला मी म्हटलं, "शून्य तीन."

तिने डब्याच्या झाकणावरची यादी पाहिली. आतला दिवा, रेडिओ, घड्याळ. तिने दिव्याचा बल्ब काढला, फ्यूज घातला. एक्केचाळीस. रेडिओ ओढून त्याचा प्लग काढला. चाळीस. घड्याळ काढलं, तरी तेच.

"यादीतलं सगळं काढलं," ती म्हणाली. "हा यादीत नसलेला आहे."

तिने डाव्या बाजूचा कप्पा उतरवला, कपाळाला दिवा बांधला आणि अर्धी आत शिरली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "ही वायर गाडीबरोबर आलेली नाही." एक बारीक लाल वायर मूळच्या जाड वायरला पीळ देऊन जोडली होती, वरून काळी टेप. टेप जुनी होऊन डिंकासारखी चिकट झाली होती. वायरमागे जात जात तिचा हात हीटरच्या मागे पोचला. तिथे प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधलेली एक काळी डबी होती, साबणाच्या वडीएवढी.

ती डबी घेऊन बाहेर आली. डबी कोमट होती आणि एका बाजूने फुगली होती.

"गाडी कुठे आहे ते कळवणारी डबी," तिने मला सांगितलं. "हिचं नेटवर्क कधीचं बंद झालं असणार, तरी शोधतेच आहे. आतला सेल फुगलाय, भरतच नाही, तरी ही त्याला भरत बसते. आधी गाडी रोज फिरायची म्हणून निभावलं. हल्ली दोन-तीन दिवस उभी राहते ना?"

"हल्ली बरेच पेशंट मी घरीच बोलावते," नणंद म्हणाल्या. "चोरी होऊ नये म्हणून बसवली असेल." हे त्या जरा घाईने म्हणाल्या.

करंटने अंगठ्याने धूळ पुसली. डबीवर नवऱ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचा कागद चिकटवलेला होता, त्यांच्या प्रत्येक ट्रकमध्ये असतो तसला. त्यावर छापलेला नंबर, आणि खालच्या रेघेवर बॉलपेनने लिहिलेली बसवल्याची तारीख. तिने ती तारीख एकदा वाचली. मग पुन्हा वाचली.

"सातला आडवी दांडी काढतो," ती म्हणाली. "त्याचंच अक्षर आहे. कोर्टाच्या आधी पाच महिने."

मी हिशेबाला जरा मंद आहे, मला उशिरा उमजलं: ती याच गाडीने गॅरेजला जायची, आणि ते नवऱ्याला बहिणीने नाही, या डबीने सांगितलं होतं. नणंदेला आधीच उमजलं होतं.

करंट ओरडली नाही. मला वाटलं होतं, आता गाळा डोक्यावर घेईल. ती डबी तशीच हातात धरून उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही मला पाहिलं होतं का?"

इतक्या वेळात तिने त्यांना ताई म्हटलं ते पहिल्यांदाच.

"त्याने लिहून दिलं होतं. तारीख, वेळ. इतकं नेमकं होतं की खोटं असेल असं…"

"पाहिलं होतं का?"

"नाही."

"आणि माझ्या बहिणीचं?"

"तिचं काय? तिच्याशी आम्ही कधी बोललोच नाही. तो तर तिला तुझीच दलाल म्हणायचा."

"मघाशी मी बोलले तेव्हा गप्प बसलात."

"मग काय करायला हवं होतं? नऊ वर्षांनी गाडी दुरुस्त करायला येऊन तुझ्यापुढे कबुली द्यायची?" नणंद उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला. "आणि तू तरी काय धुतल्या तांदळासारखी आहेस? घरात रोज खोटं बोलत होतीस. बहिणीकडे जाते, बहिणीकडे जाते. मी भावावर विश्वास ठेवला, त्यात माझं काय चुकलं?"

"मी खोटं बोलत होते," करंट म्हणाली. "पण शपथ घेऊन नाही. बसा, काम राहिलंय."

मी असतो तर गाडी ढकलून रस्त्यावर काढली असती. तिने लाल वायर मुळाशी कापली, मूळ वायरवर नळी चढवून ती गरम करून घट्ट बसवली, रेडिओ, घड्याळ, बल्ब, फ्यूज सगळं जागेवर लावलं आणि पुन्हा कुलूप लावलं. तिसरा अर्धा तास. नणंद म्हणाल्या, "सापडलं ना, आता कशाला?" ती म्हणाली, "मी पाहिल्याशिवाय सांगत नाही." त्या अर्ध्या तासात कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. मी तर माझ्या नखांचा अभ्यास केला. आकडा शून्य पूर्णांक शून्य तीनवर येऊन स्थिरावला.

"ती डबी मला दे," नणंद म्हणाल्या.

"लपवायला?"

"त्याला दाखवायला."

करंटने डबीचे तीन-चार फोटो काढले, मग ती रंगाच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण न लावता त्यांच्या हातात दिली. "पर्समध्ये घालू नका. फुगलेला सेल आहे, पेटतो."

गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. नणंद निघून गेल्या. करंटने हत्यारं पुसली, पेटीत ठेवली, मग शटर अर्धं ओढून मला म्हणाली, "तुमची स्कूटर आहे ना? मला एके ठिकाणी सोडा. सोडा म्हणजे, थांबा तिथे."

बहिणीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना करंट दोनदा थांबली. दम लागला नव्हता. बेल मीच वाजवली. दार उघडलं बहिणीने, हात ओले, खांद्यावर टॉवेल. चेहरा तोच, फक्त लहान. तिने करंटकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. तुला आज कळलं?"

करंट सांगायला लागली. गाडी, फ्यूज, लाल वायर, डबी. वाक्यं एकात एक अडकत होती. इतकी अडखळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बहिणीने मध्येच हात वर केला. "मला वायरिंग शिकवू नकोस. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी रडून सांगत होते, मी नाही सांगितलं, तेव्हा कोणता मीटर लावला होतास मला?"

करंट कठड्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिली.

"बाबा चार महिने अंथरुणावर होते. मी सकाळी असायचे म्हणून तू संध्याकाळी यायचीस. औषधाच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवायचीस, त्याही नावाशिवाय. बाबा विचारायचे, तुम्ही दोघी एकदम का येत नाही. काय सांगायचं मी?"

"माझं चुकलं," करंट म्हणाली.

"हो. चुकलं." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"शेजारी. साक्षीला आणलेत."

"तुला अजून साक्षीदार लागतात," बहीण म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी करंटने नेहमीपेक्षा लवकर गाळा उघडला आणि दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकांशी भांडली.

महिन्याभराने नणंद पुन्हा आल्या. गाडी रस्त्यावरच लावून शटरपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी त्याला विचारलं. म्हणाला, माझी गाडी, मी काहीही बसवेन. त्याच्याशी बोलणं बंद केलंय मी."

करंटने मान वर केली नाही. "बॅटरी उतरते का?"

"नाही."

"मग इथे काय काम आहे?"

नणंद गाडीत बसल्या आणि गेल्या. मला त्यांची दया आली, असं मी नंतर बोललो, तर करंट म्हणाली, "तुम्हाला येऊ दे. तुमच्याविरुद्ध नव्हती दिली साक्ष."

बहिणीचा फोन यायला अडीच महिने लागले. मी कापड मोजत होतो, भिंतीपलीकडून करंटचा आवाज बंद झाला म्हणून डोकावलो. ती फोन कानाला लावून ताठ उभी होती. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "स्कूटर चालू होत नाही. तेवढंच बघायचं. बाकी काही बोलायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

"बरं," करंट म्हणाली.

तिने पेटी उचलली आणि गाळा माझ्या भरवशावर टाकून गेली. चार तासांनी परत आली.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"रेग्युलेटर गेला होता."

"रेग्युलेटर बदलायला चार तास?"

"तुम्हाला शिवायला काही नाही वाटतं आज," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागली.